मंगळावरचा मांडव

लग्नसराईत माझं डोकं ठिकाणावर नसतं. लोणावळ्यात मांडवाचा धंदा करणं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. सकाळी नवरीच्या मामाला गुलाबी झालर हवी असते, दुपारी तीच झालर फार गुलाबी वाटायला लागते, आणि वरात दारात आल्यावर कुणाला तरी आठवतं की आचाऱ्याला आडोसाच बांधलेला नाही. अशाच एका दिवशी जेवताना आमच्या मुलीनं विचारलं, "पप्पा, मंगळावरचं घर बांधायचंय. कापडाचं. तुम्ही कराल?"

"तारीख कुठली?" मी म्हणालो.

सवयीनं गेलं तोंडातून. बायकोला हसता हसता ठसका लागला आणि पुढे कित्येक दिवस ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा सांगत होती. मुलगी मात्र हसली नाही. तिला खरंच तारीख सांगायची होती.

ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. तिथं तिला तिच्यासारखीच वेडी मंडळी भेटली. माणसं मंगळावर राहायला गेली तर पहिल्यांदा कशात राहतील, हा त्यांचा विषय. विटा आणि सिमेंट रॉकेटातून नेता येत नाही. घडी घालून नेता येईल आणि तिथं फुगवून उभं करता येईल असं घर पाहिजे. घडी, कापड, पाइप, उभारणी. मी हातातला घास तसाच धरून ऐकत होतो. हे तर सगळं आमच्याच गोदामातलं बोलणं होतं!

देशभरात असे बरेच गट आपापली घरं बांधत होते. त्यातून एकाच गटाला हिमालयातल्या थंड वाळवंटात नेणार होते. तिथं माणसं महिनोन्महिने बंद घरात राहून दाखवणार, आपलं अन्न आतच पिकवणार, आतलीच हवा शुद्ध करून पुन्हा वापरणार. तिथं जे टिकतील त्यांच्यातूनच पुढे मंगळावर राहायला जाणारी माणसं निवडणार होते. तिकडे जाण्याआधी प्रत्येकाच्या घराची परीक्षा होती. आत भरलेली हवा दिवस मावळेपर्यंत टिकली पाहिजे. टिकली तर तुमचा विचार होणार, नाहीतर तुमची जागा दुसऱ्यांना. आमच्या मुलीच्या गटात ती धरून चौघं होती आणि घराची जबाबदारी तिच्याकडे होती. "घर गळालं तर माझ्यामुळे चौघांचं जाणं बोंबललं," ती म्हणाली. परदेशी कंपनीकडून असलं घर आणणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, तेव्हा तिनं छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडाचीच घरं उभी करतात.

त्या दिवसापासून मी वेडा झालो. दुसरा शब्द नाही. गोदामात बांबू मोजता मोजता मोबाइलवर मंगळाचे व्हिडिओ बघायचो. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा थोडासाच मोठा असतो हे कळलं, तेव्हा तो दिवस जणू मीच मापून दिलाय इतका आनंद मला झाला. पाणी आहे, पण गोठलेलं. हवा आहे, पण नावापुरती, आणि श्वास घ्यायला निरुपयोगी. उघड्यावर राहिलं तर वरून येणारे किरण माणसाचं अंग आतून पोखरतात, म्हणून कायमची वस्ती करायची तर शेवटी कातळाच्या पोटातच शिरावं लागणार. हे ऐकून तर मी टाळीच वाजवली. कातळात घर करणं मावळाला काय नवीन आहे? कार्ल्याला, भाज्याला, बेडशाला छिन्नी-हातोड्यानं डोंगर कोरून माणसं राहिलीच की! मी हे एका नवरदेवाच्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, "ते असू दे, खुर्च्यांना कव्हरं पांढरी लावा."

घरी रोज जेवताना मंगळ असायचा. आम्ही पिढीजात मावळातले, त्यामुळे घरात मराठीच बोलतो, आणि भांडणही मराठीतच करतो. एकदा बायकोनं विचारलं, "तिथं ईदचा चंद्र कोणी बघायचा?"

"अम्मी, तिथं चंद्र दोन आहेत," मुलगी म्हणाली. "दोन्ही लहान, बटाट्यासारखे वेडेवाकडे. त्यातला एक इतका पळतो की एका दिवसात एकापेक्षा जास्त वेळा उगवतो."

"म्हणजे रोजच ईद! शिरखुर्म्याला दूध कुठून आणायचं?"

"दूध नाही मिळणार. सोयाबीन पिकवलं तर त्याचं काढता येईल."

"मग नको मला तुझा मंगळ," बायको म्हणाली आणि तिनं विषयच संपवला.

या सगळ्या गोंधळात एक माणूस गप्प होता. माझे अब्बा. मुलगीही त्यांना आमचं ऐकून अब्बाच म्हणते. इंदुरीपासून तिकोणा पेठेपर्यंत मात्र ते सगळ्यांचे चाचा आहेत. लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघत नाहीत, "चाचांचा मांडव मोकळा आहे का" ते बघतात. अर्थात हे मी जरा वाढवून सांगतोय, पण फार नाही.

चाचांच्या मांडवाला मागणी का, तर तो उडत नाही. आमच्या इकडचा वारा साधा नाही. कोकणातून घाट चढून येतो आणि माथ्यावर आला की समोर जे असेल त्याला भिडतो. अब्बा तरुण असताना तिकोणा पेठेत एका लग्नात या वाऱ्यानं त्यांचा अख्खा मांडव खांबांसकट उचलला. खाली पाहुण्यांची लहान मुलं झोपलेली होती. मुलं वाचली. एक खांब अब्बांच्या डाव्या खांद्यावर आला आणि तो हात नंतर कधी नीट वर गेला नाही. तेव्हापासून त्यांचा एक नेम आहे. मांडव बांधून झाला, की शिडी लावायची, पश्चिमेच्या अंगाला आढ्याच्या खाली हातभर जागा सोडून बिस्मिल्ला म्हणायचं आणि खिशातल्या चाकूनं कापडाला अर्धचंद्रासारखी फट पाडायची. "वाऱ्याला वाट दिली पायजे," ते म्हणतात. "कोंडला की त्यो घर घिऊन जातो." आमच्या गोदामातल्या प्रत्येक पडद्याला, प्रत्येक ताडपत्रीला ती फट आहे. भाड्यानं आणलेल्या नव्याकोऱ्या कापडालाही त्यांनी ती पाडलेली आहे, आणि त्यावरून मी लोकांच्या शिव्याही खाल्लेल्या आहेत. आमची मुलगी चालायला लागली तेव्हापासून अब्बांची शिडी तीच धरायची.

तिनं त्यांना विचारलं होतं, "अब्बा, आमचा नंबर लागला तर मी जाऊ ना?"

"बघू," अब्बा म्हणाले.

आमच्या घरात अब्बांचं 'बघू' म्हणजे नाही. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती गेली नसती असं नव्हे. गेलीच असती, माझ्यासारखीच हट्टी आहे. पण त्या 'बघू'नंतर ती दोन दिवस नीट जेवली नाही, आणि मी अब्बांवर चिडलो. जग कुठं चाललंय, मी मनात म्हणायचो, आणि हे अजून शिडीवरच उभे आहेत.

घर उभारायला जागा मिळाली लोणावळ्याजवळच्या औंढ्याला. गावाबाहेर उंचावर एका शेतकऱ्याचं पडीक माळरान होतं. माती कमी, काळा कातळच जास्त. त्या शेतकऱ्याला आम्ही भाऊ म्हणतो. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं आमच्याच मांडवात लागली आहेत. मुलीनं भाऊंना समजावून सांगितलं की मंगळावरचा खडक आणि आपल्या सह्याद्रीचा खडक एकाच जातीचे, दोन्ही थंड झालेल्या लाव्हाचे, म्हणून ही जागा त्यांना पसंत पडली.

भाऊंनी कातळावर टाच आपटली. "ह्याच्यावर कुसळ उगवत न्हाई म्हनून मी आयुष्यभर रडलो, आन् तुमी म्हंता मंगळ बी असाच हाय? मंग येवढं लांब कशाला जाताय, हितंच ऱ्हावा की!"

"भाऊ, तिकडं जागा भरपूर आहे," मी म्हणालो.

"आसंल. पर लोनावळ्याचं एजंट पोचलं आसतील तितं बी."

एप्रिल लागला होता. करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर माळावर हिरवं काही नव्हतं. आम्ही आधी पाइपच्या कमानी रोवल्या. मग त्यांच्या आत बसणारा एक प्रचंड फुगा बनवला, जाड पांढऱ्या प्लास्टिक कापडाचा. पावसाळ्याआधी बंगल्यांना शेड बांधायची म्हणून आमच्याकडे गरम हवेनं कापड जोडायची मशीन आहे, त्यामुळे हे काम आमच्या माणसांच्या हातातलं होतं. सगळे सांधे दुहेरी जोडले. मग पंक्चरवाला ट्यूबला लावतो तसा साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला लावला आणि बुडबुडा येतो का ते बघत आम्ही तासन्‌तास गुडघ्यांवर रांगलो. आत शिरायला एकामागे एक दोन दारांची चिंचोळी खोली केली. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे आतली हवा आत राहते.

अब्बा रोज सकाळी यायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि नाक मुरडायचे. त्यांची दाभण आणि सुतळी पिशवीतच पडून होती. "शिवन न्हाई ते कापड कसलं?" ते मला म्हणाले.

"शिवलं की भोकं पडतात, अब्बा. भोकातून हवा जाते."

"हवा जायालाच पायजे," ते म्हणाले. मी हात जोडले आणि कामाला लागलो.

पहिल्यांदा त्यात हवा भरली ती सकाळ मी विसरणार नाही. मरगळून पडलेलं कापड आधी कुशीवर वळलं, मग त्याला पोट आलं, मग पाठ. बघता बघता काळ्या कातळावर एक पांढरं शुभ्र घर उभं राहिलं आणि त्याच्या मागे लांबवर लोहगड. मी आयुष्यात हजारो मांडव उभे केले असतील, पण असा ऊर कधी भरून आला नव्हता. आमची माणसं शिट्ट्या मारत होती. भाऊंनी घरून नारळ आणला आणि दारात फोडला. मी मुलीला म्हणालो, "आता मंगळ दूर नाही!" ती म्हणाली, "पप्पा, जायलाच सहा-सात महिने लागतात." असली मुलगी.

परीक्षेच्या दिवशी तपासायला एक मॅडम आल्या. वयानं माझ्याएवढ्या, डोक्याला रुमाल, पायात बूट, बोलणं मोजकं. चौघं आत गेली. आमची मुलगी शेवटी शिरली. दार लावण्याआधी तिनं मला अंगठा दाखवला आणि अब्बांकडे बघितलं. अब्बा लोहगडाकडे बघत होते.

मॅडमनी हवेच्या दाबाचा एक काटा आत आणि एक बाहेर लावला होता. हवा भरून झाल्यावर पंखा बंद झाला. काट्याखाली एक लाल रेघ होती. दिवस मावळेपर्यंत काटा त्या रेघेच्या वर राहिला तर घर पास. खाली गेला तर तिथंच खेळ संपला. "आणि एक," मॅडम आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "आत काहीही झालं तरी बाहेरून कुणी हात लावायचा नाही, काही सांगायचं नाही. मंगळावर बाहेर कुणी नसतं."

सकाळ छान गेली. काटा ढिम्म हलत नव्हता आणि मी दर थोड्या वेळानं जाऊन त्याला शाबासकी देत होतो. दुपारी भाऊंच्या घरून पिठलं-भाकरी आली. आम्ही आणि मॅडम बांधावरच्या आंब्याखाली जेवायला बसलो. अब्बा म्हणाले, मी मागनं जेवतो, आणि घराजवळच खुर्चीत बसून राहिले.

ऊन वाढलं, तशी आतली हवा तापली आणि कापड ढोलकीसारखं ताणलं. मॅडमना ते अपेक्षितच होतं. काटा थोडा वर चढलेला बघून त्या नुसत्या मान हलवून जेवायला बसल्या होत्या. तेवढ्यात घाटाचा वारा सुटला. कापड थडथड वाजायला लागलं. मला त्याचं काही वाटलं नाही, कमानी पक्क्या होत्या. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

आणि समोरून अब्बा चालत आले. घामाघूम झालेले, पण चेहऱ्यावर मोठं समाधान. चाकू विजारीला पुसत होते.

"दिली वाट करून," ते म्हणाले. "आता कितीबी सुटू दे."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी ताट लोटून पळालो. घराच्या पश्चिमेला आमचीच शिडी टेकवलेली होती. वर, आढ्याच्या खाली हातभर जागा सोडून, अर्धचंद्रासारखी फट. आणि तिच्यातून कुकरची शिट्टी अडकावी तसा सूंऽऽ आवाज.

मी अब्बांवर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. "तुम्हाला कळतं का काय केलंत? आत पोर आहे!"

"आत पोर हाय म्हनून तर दिली," अब्बा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडतोय ते. "कापड बघितलंस का कसं फुगलं हुतं? आस्संच फुगलं हुतं तवा पेठंत. मी बसून बघू काय?"

मी शिडीवर चढायला गेलो, तर मॅडमनी मागून माझा शर्ट धरला. "खाली या."

"मॅडम, आमच्या म्हाताऱ्यानं केलंय. चूक आमची आहे, पोरांची काय चूक? दोन मिनिटांत चिकटवतो मी!"

"मंगळावर दगड येऊन लागतो, कापड फाटतं. कुणाची चूक ते तिथं कोण विचारतं? परीक्षा चालू आहे. घर त्यांचं आहे, त्यांना बघू द्या." मग त्यांनी आम्हाला आणखी मागे सारलं, कारण आमच्या सावल्या कापडावर पडत होत्या. सावलीनंसुद्धा सांगायचं नाही! त्या क्षणी मला त्या बाईचा भयंकर राग आला. काटा लाल रेघेकडे सरकत होता. हळू नाही, डोळ्यांना दिसेल असा.

अब्बांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांना उमगलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "ती काय... ती म्हंजे जानार न्हाई आता?" त्यांनी विचारलं.

आतून आवाज येत होते. कुणीतरी काट्याचे आकडे ओरडून सांगत होतं. कुणीतरी खालचे सांधे तपासा म्हणत होतं, दुसरा कुणी दाराकडे पळत होता. खाली काही नाही, वर बघा, वर बघा! मी मनातल्या मनात किंचाळत होतो. वारा इतका वाजत होता की आत शिट्टी कुठून येतेय ते त्यांना कळणं शक्य नव्हतं.

मग आमच्या मुलीचा आवाज आला, अगदी शांत. "पश्चिम कुठली?"

कुणीतरी सांगितलं. लोखंडी खाट ओढल्याचा आवाज झाला. मग काही क्षण काहीच नाही. मग फटीच्या जागी कापडाला आतून पाच बोटं उमटली. अख्खा पंजा. शिट्टी बारीक झाली आणि थांबली.

माझ्या शेजारी अब्बांचा हात वर गेला होता. डावाच, तो न उचलणारा. जाईल तेवढा वर गेला आणि त्या पंजाच्या दिशेनं हवेतच राहिला. मी त्यांचं मनगट धरलं. मॅडम बघत होत्या.

आत तिनं एका हातानं फट दाबून धरली, दुसऱ्यांनी तिला ठिगळ कापून दिलं, डिंक दिला. आम्ही हे सगळं नंतर ऐकलं. बाहेरून आम्हाला दिसलं ते एवढंच की पंजा गेला आणि त्या जागी एक चौकोन कापडाला घट्ट चिकटला. आतल्या हवेचा दाबच त्याला बाहेरच्या अंगाला रेटून धरत होता. काटा लाल रेघेला टेकायला आला होता, पण टेकला नव्हता. तो तिथं थरथरला आणि थांबला.

मी नाचलो. खरंच नाचलो, कातळावर, मॅडमच्या समोर, पिठल्याच्या हातांनी. भाऊ पण नाचले, आणि नाचता नाचताच मला विचारत होते, "पास का? पास का?" पास अजून व्हायचं होतं. सगळी दुपार काटा त्या रेघेच्या केसभर वर राहिला. कधी नव्हे तो मी सूर्याला घाई करत होतो. लोहगडावरचं ऊन पिवळं झालं, तांबडं झालं, गेलं. मॅडमनी घड्याळ बघितलं, काटा बघितला आणि पहिल्यांदा हसल्या.

चौघं बाहेर आली. मॅडमनी आमच्या मुलीला विचारलं, "एवढ्या मोठ्या घरात नेमकी तिथंच कशी गेलीस?"

"आमच्या घरचा मांडव आहे," ती म्हणाली. "वाट कुठं असते मला माहितीये."

"ती कुणी पाडली तेही माहिती असेल."

"हो."

"मग अशा माणसाला परत जवळ येऊ देऊ नकोस," मॅडम म्हणाल्या, पण हसत म्हणाल्या. बाकीचे गट तपासून झाले की कळवते असं सांगून त्या निघाल्या. मग गाडीत बसता बसता खिडकीतून मला हळूच म्हणाल्या, "फाटल्यावर सावरलेलं घर मी आजपर्यंत एकच बघितलंय. तिच्या थंडीच्या कपड्यांचं बघून ठेवा."

मी उड्या मारत माघारी आलो. अब्बा खुर्चीत तसेच बसले होते. कुणाशी नजर मिळवत नव्हते. मुलगी त्यांच्या पायाशी कातळावर जाऊन बसली. मला वाटलं होतं ती भांडेल. माझी मुलगी आहे, तिचाही पारा चढतो. पण तिच्या पंजावर डिंक वाळला होता, तो सोलत बसली.

मग अब्बा म्हणाले, "पोरी, तितं वारा सुटतो का गं?"

"सुटतो, अब्बा. मोठमोठी वादळं होतात. कधीकधी सगळाच्या सगळा मंगळ धुळीनं झाकून जातो."

अब्बांनी डोळे मिटले.

"पण तिथली हवा फार पातळ आहे," ती म्हणाली. "इतकी पातळ, की कितीही वेगानं वारा आला तरी अंगाला झुळूक लागल्यासारखाच लागेल. धूळ उडवतो, पण ढकलायला त्याच्यात जोरच नाही."

"मांडव उचलत न्हाई?"

"नाही."

"खांब?"

"हलणारसुद्धा नाही."

"आन् खाली पोरं निजलेली आसली तर?"

"निजू देत, अब्बा. काही होणार नाही."

अब्बा त्या घराकडे बघत राहिले. त्यांनी हे आधी कधी विचारलंच नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाला त्यांना सांगायचं सुचलं नव्हतं. मी त्यांना मंगळाचे दोन चंद्र सांगितले, बर्फ सांगितला, लाव्हा सांगितला, पण माझ्या बापाला ज्या एका गोष्टीची भीती होती ती तिथं नाही, एवढं मात्र सांगितलं नाही.

"मग जा," अब्बा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तितं जा. ऱ्हा."

ती रडायला लागली, भाऊंनी तिच्या पाठीवर थाप मारली, आमची माणसं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता माझे हात थांबले. इतके महिने गावभर मंगळ मंगळ करत फिरलो होतो. आज मांडव उभा करायचा, कार्य झालं की सोडायचा आणि सामान गोदामात आणायचं, असंच सगळं माझ्या डोक्यात होतं. बापानं 'ऱ्हा' या एका शब्दात ओळखलं होतं ते मला तेव्हा कळलं. ही तिकडं राहायला निघाली होती.